मंचामागचा पडदाही सुरात लावा: संगीत महोत्सवांच्या आयोजकांना खुले पत्र

प्रति,
महाराष्ट्रातल्या आणि गोव्यातल्या शास्त्रीय संगीत महोत्सवांचे सर्व आयोजक, विश्वस्त आणि कार्यकर्ते

सप्रेम नमस्कार.

येत्या हंगामाच्या तारखा एव्हाना ठरत असतील. कोण गाणार, कोण वाजवणार, साथीला कोण, मंडप कोणाचा, ध्वनिव्यवस्था कोणाकडे, हे सगळं तुमच्या बैठकांमध्ये पक्कं होत असेल. त्याच यादीत खाली कुठेतरी 'लाइट आणि एलईडी' अशी एक ओळ असते आणि ती बहुधा मंडपवाल्याच्या कोटेशनमध्येच उरकली जाते. हे पत्र त्या ओळीबद्दल आहे.

मी नाटकांची प्रकाशयोजना करते. गाण्याची रीतसर तालीम घेतलेली नाही, पण कळायला लागल्यापासून ऐकत आले आहे आणि हंगामातल्या जमतील तेवढ्या मैफलींना हजर असते. माझं म्हणणं थोडक्यात असं: कलावंताच्या मागे जो उजेड आणि जे चित्र तुम्ही लावता, त्याची तयारी ध्वनीच्या तयारीइतकीच मनापासून करा. तेवढा वेळ नसेल तर तो पडदा सरळ बंद ठेवा. मधली वाट गाण्याचं नुकसान करते आहे.

आधी एक गोष्ट स्पष्ट करते. मागच्या रांगेतल्या श्रोत्याला कलावंत दिसावा म्हणून मंचाच्या दोन्ही बाजूंना जे पडदे लावतात, ते हवेतच. सतारीवर मींड कशी ओढली जाते, तबलजींचं बोट चाटेवर कुठे पडतं, गाताना कपाळावरची शीर कशी ताणली जाते, हे शेवटच्या खुर्चीलाही त्यांच्यामुळे कळतं. माझं बोलणं आहे ते थेट पाठीमागे उभारलेल्या मोठ्या पडद्याबद्दल आणि त्याच्या भोवतीने फिरणाऱ्या रंगीत दिव्यांबद्दल.

नावाजलेल्या एका महोत्सवात एक ज्येष्ठ गायिका संध्याकाळी मारवा राग गात होत्या. विलंबित एकताल, अगदी सावकाश. अशा लयीत तालाचं एक आवर्तन, म्हणजे एक फेरा, जवळपास मिनिटभर चालतं. पाठीमागे कमळ उमलण्याची चित्रफीत होती, बारा-पंधरा सेकंदांची, पुन्हा पुन्हा फिरणारी. बाईंनी कोमल रिषभावर, म्हणजे 'रे'वर, स्वर ठेवला, षड्जाकडे, म्हणजे 'सा'कडे, जाण्याची ओढ दाखवली आणि गेल्या नाहीत. सगळा मंडप त्या एका स्वरावर अधांतरी होता. तेवढ्यात मागे कमळ चारदा उमलून मिटलं आणि प्रायोजकाचं बोधचिन्ह गर्रकन फिरून गेलं. माझ्या शेजारी कॉलेजातली एक मुलगी बसली होती, पहिल्यांदाच अशा मैफलीला आलेली. तिची नजर कमळावर खिळली होती. साहजिकच आहे, हलणारी वस्तू डोळा आधी पकडतो, कान मागे राहतो. तो रिषभ तिच्यापर्यंत पोचलाच नाही याची हळहळ मला अजून वाटते, कारण मारवा काय आहे हे त्या एका स्वरात कळून गेलं असतं.

म्हणून मी पडद्याच्या विरोधात आहे असं समजू नका. रंग आणि चित्र रागाच्या सोबतीला यावं असं मला मनापासून वाटतं. नवख्या श्रोत्याला रागाच्या दारापर्यंत नेऊन सोडण्याची मोठी ताकद रंगात आहे. आणि हा विचार बाहेरून आणावा लागत नाही, आपल्या मातीत तो फार जुना आहे.

भरताच्या नाट्यशास्त्रात सहाव्या अध्यायात प्रत्येक रसाला रंग दिला आहे. शृंगार श्याम, हास्य शुभ्र, रौद्र लाल, अद्भुत पिवळा, आणि करुण पारव्याच्या पाठीसारखा राखी. तेराव्या शतकात शार्ङ्गदेवाने 'संगीतरत्नाकर' लिहिला तो आपल्या देवगिरीवर, यादव राजा सिंघणाच्या पदरी असताना. हा गृहस्थ राज्याचा हिशेबनीस होता. घराणं मूळ काश्मीरचं, आजोबा दक्षिणेत आलेले. त्याने सातही स्वरांना रंग सांगितले: षड्ज कमळाच्या रंगाचा, रिषभ पिंगट, गंधार सोनेरी, मध्यम कुंदाच्या फुलासारखा पांढरा, पंचम काळा, धैवत पिवळा आणि निषाद अनेक रंगांचं मिश्रण. दौलताबादचा किल्ला चढताना ही गोष्ट कोणी आपल्याला सांगत नाही. संगीतावरचा एवढा मोठा ग्रंथ त्या डोंगराच्या सावलीत लिहिला गेला आणि त्यात सुरांना रंग होते.

पुढे रागमाला, म्हणजे रागांच्या चित्रांच्या मालिका, आल्या. आपण त्या राजस्थानच्या समजतो, आणि 1605 साली मेवाडच्या चावंड इथे नसिरुद्दीनने रंगवलेली रागमाला प्रसिद्धही आहे. पण त्याच्याही आधी, सोळाव्या शतकाच्या शेवटच्या दशकात, दख्खनमध्ये रागमाला रंगवली जात होती. तिची मोजकी पानं आज शिल्लक आहेत. अभ्यासक ती अहमदनगरच्या निजामशाही चित्रशैलीशी जोडतात. वर देवनागरीत संस्कृत मजकूर, खाली सपाट, खोल, न लाजणारे रंग. त्याच काळात विजापूरला दुसरा इब्राहिम आदिलशहा राज्य करत होता, 1580 ते 1627. स्वतः गाण्याचा वेडा; त्याने दख्खनी बोलीत 'किताब-ए-नवरस' रचली, त्यात राग माणसांच्या आणि देवांच्या रूपात उभे केले. त्याच्या दरबारात गवई आणि चितारी एकाच छपराखाली होते.

या चित्रांत काय असतं ते जरा निवांत बघण्यासारखं आहे. तोडी रागिणीत रानात एकटी उभी असलेली बाई वीणा वाजवते आणि हरणं जवळ येतात. ललतात पहाट झाली आहे, प्रियकर हारांसह निघाला आहे आणि ती अजून झोपेत आहे. विभासात तो गच्चीवरून धनुष्य ताणून कोंबड्यावर नेम धरतो, कारण कोंबडा आरवला तर रात्र संपेल. धनाश्रीत ती दूर गेलेल्याचं चित्र काढत बसलेली असते. देशाखमध्ये तर चक्क मल्ल कसरत करत असतात, मधोमध खांब रोवलेला असतो, त्यावर एकजण चढलेला असतो. मल्लखांब पाहिलेल्या माणसाला ते चित्र लगेच ओळखू येतं.

आता बघा, यातलं एकही चित्र कुठल्या एका बंदिशीच्या शब्दांवर काढलेलं नाही. चितारी बंदिशीच्या शब्दांच्या मागे गेला नाही. त्याने वेळ रंगवली, ऋतू रंगवला, माणसाच्या मनाची एक अवस्था रंगवली आणि तिथेच थांबला. चित्र स्थिर आहे. कितीही वेळ पाहा, ते पुढे सरकत नाही, पाहणाराच आत आत जातो. ख्यालही असाच चालतो. तीच ओळ, तोच मुखडा, आणि दर आवर्तनाला श्रोता एक पायरी खाली. आपल्या मंचामागे नेमकं उलटं चाललं आहे. मल्हाराच्या बंदिशीत 'बादल' शब्द आला की ढग, 'बिजुरी' आली की पडद्यावर वीज. गायकाने सुरांतून जो पाऊस अजून पाडायचा आहे, तो आपण आधीच पाडून मोकळे होतो.

तरीही, जुन्या रागमालेची पानं उचलून पडद्यावर चिकटवा, असं मी सुचवणार नाही. त्यात एक मोठी अडचण आहे. चारशे वर्षांत रागांची नावं तीच राहिली, स्वर बदलले. कर्नाटक संगीतात आज ज्याला तोडी म्हणतात त्याचे स्वर आपल्या भैरवी थाटाचे आहेत. आपली तोडी वेगळीच. तेव्हाच्या हिंडोलाला जो झोपाळा शोभत होता तो आजच्या तीव्र मध्यमाच्या हिंडोलाला शोभेलच असं नाही. त्या चित्रांकडून चित्रं घेण्यापेक्षा त्यांची रीत घ्यावी. मुंबईच्या छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयात लघुचित्रांचा मोठा संग्रह आहे. तुमच्या समितीने एक दुपार तिथे घालवावी. हिंगुळाचा लाल, हरताळाचा पिवळा, निळीचा निळा, काजळीचा काळा. एवढ्याशा पानावर चितारी किती कमी रंगांत किती मोठं आकाश उभं करतो ते पाहून घ्यावं. एलईडीच्या पडद्यावर लाखो रंग उपलब्ध असतात, आणि म्हणूनच कोणते वापरायचे नाहीत हे ठरवणारा माणूस लागतो.

इथे दुसऱ्या एका मोहाबद्दल सावध करते. आता अशी सॉफ्टवेअर मिळतात की माइकमधून आलेला सूर ओळखून त्याप्रमाणे पडद्यावर आपोआप रंग आणि आकार निघतात. व्हेंडर तुम्हाला ते उत्साहाने दाखवतील. दाखवताना छानही दिसेल. पण आपल्या संगीतात षड्ज एका जागी बांधलेला नाही. कोणी काळी एकमध्ये, म्हणजे पेटीची पहिली काळी पट्टी षड्ज धरून, गातं, कोणी काळी चारमध्ये. यंत्र कंपनं मोजतं, त्यामुळे एकाचा षड्ज आणि दुसरीचा पंचम त्याला एकाच रंगाचे वाटू शकतात. बरं, षड्ज भरून दिला तरी प्रश्न सुटत नाही. मारवा, पूरिया आणि सोहनी घ्या. स्वर तेच सहा: षड्ज, कोमल रिषभ, गंधार, तीव्र मध्यम, धैवत, निषाद. पंचम तिघांतही नाही. मारव्यात रिषभ-धैवतावर भार, सूर्य मावळताना सगळं हातातून निसटत असल्याची ती हुरहूर. पूरिया गंधार-निषादावर टेकतो, खाली खाली उतरतो, गंभीर होतो. सोहनी वरच्या षड्जाभोवती घोटाळते, उत्तररात्रीची, तडफदार, चंचल. स्वराला रंग जोडून देणारं यंत्र तिघांना एकाच रंगपेटीतून रंगवील. जो फरक ऐकू यायला आपण वर्षानुवर्षं कान तयार करतो, तोच पुसला जाईल.

युरोपात हा प्रयोग शंभर वर्षांपूर्वी झाला आहे. अलेक्झांडर स्क्रिआबिन या रशियन संगीतकाराने 1910 मध्ये 'प्रॉमिथियस' ही रचना पुरी केली. तिच्या स्वरलिपीत वाद्यांच्या ओळींबरोबर प्रकाशाचीही एक ओळ लिहिलेली आहे. 1911 मध्ये मॉस्कोला पहिला प्रयोग झाला तो रंगांशिवाय. रंगांसह ती रचना 1915 मध्ये न्यूयॉर्कला सादर झाली. स्क्रिआबिन ज्या स्वरसप्तकाला लाल म्हणत होता ते रिम्स्की-कोर्साकोव्हला पांढरं दिसत होतं. दोघं एकाच देशाचे, एकाच परंपरेत वाढलेले, दोघांचेही कान असामान्य. म्हणजे अमुक सुराला अमुक रंग असा नियम दोन मोठ्या संगीतकारांतही जमला नाही.

मग रंग आणि सूर यांच्यात काहीच ठरलेलं नाही का? आहे, पण दुवा वेगळा आहे. बर्कलीच्या मानसशास्त्रज्ञ स्टीफन पामर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 2013 मध्ये एक अभ्यास प्रसिद्ध केला. अमेरिकेतल्या आणि मेक्सिकोतल्या श्रोत्यांना त्यांनी बाख, मोझार्ट, ब्राम्स यांच्या रचना ऐकवल्या आणि त्यांना जुळणारे रंग निवडायला सांगितले. दोन्ही देशांतल्या लोकांची निवड बरीचशी मिळतीजुळती निघाली: जलद, उल्हासी संगीताला उजळ, भरलेले, पिवळसर रंग आणि संथ, उदास संगीताला गडद, कमी भरलेले, निळसर. संशोधकांच्या मते हा मेळ भावनेतून बसतो. सुरामुळे जे वाटतं तेच ज्या रंगामुळे वाटतं, तो रंग माणूस निवडतो. पाश्चात्त्य संगीतावरचा हा अभ्यास आपल्या रागांना जसाच्या तसा लावता येणार नाही. पण रसाला रंग देणाऱ्या भरताशी तो जुळतो, आणि माझ्या कामातला अनुभवही तसाच आहे. दिवा स्वरावर लावायचा नसतो, भावावर लावायचा असतो.

आता तुमची खरी अडचण. शास्त्रीय गायक काय गाणार हे आधी सांगत नाही, आणि सांगूही नये. आधीच्याने यमन गाऊन ठेवला असेल, घसा कसा आहे, हवा कशी आहे, समोर कोण बसलं आहे, यावर ते मंचावर बसता बसता ठरतं. त्याच्यावर आगाऊ यादीची सक्ती केली तर चित्र जिंकेल आणि गाणं हरेल. म्हणून रागावार तयारी करू नका, प्रहरवार करा. संगीतशास्त्रकार भातखंड्यांच्या समयचक्रात, म्हणजे रागांच्या वेळांच्या मांडणीत, दिवस-रात्रीचे ठळक विभाग आहेतच. कोमल रे-ध घेणारे संधिप्रकाशाचे राग पहाटे आणि तिन्हीसांजेला, त्यानंतर शुद्ध रे-ध घेणारे, मग कोमल ग-नी घेणारे. चार-पाच रंगसंच तयार असले की पुरे: पहाटेचा, दुपारचा, सांजेचा, रात्रीचा, उत्तररात्रीचा. गायकाने पहिला स्वरसमूह घेतला की कान तयार असलेल्या माणसाला कोणता संच उचलायचा ते कळतं. दिवे चालवणारा माणूस मात्र ऐकणारा हवा. तबलजी समेवर नजर ठेवून असतो तसा तो गाण्यावर नजर ठेवून हवा.

प्रहराचा मुद्दा मला फार जवळचा वाटतो, कारण आपण रात्र गमावली आहे. उघड्या मंडपात रात्री दहानंतर ध्वनिक्षेपक चालत नाही. वर्षातले काही ठराविक दिवस बारापर्यंतची सवलत मिळते, तेवढीच. नियम योग्य आहे, शेजारच्या इमारतीत आजारी माणसं असतात. पण त्यामुळे दरबारी, अडाणा, मालकंस यांची वेळ उघड्या मंडपातून गेली. रात्रभर चालणाऱ्या मैफलींच्या आठवणी फक्त वडीलधाऱ्यांकडे उरल्या. आठ वाजता, पांढऱ्याफटक उजेडात, खुर्च्यांमधून चहावाला फिरत असताना कोणी दरबारीचा आंदोलित गंधार लावला, तर त्याला स्वतःच्या गळ्यातून रात्रही निर्माण करावी लागते. त्या कामात त्याला उजेडाने मदत करता येते. मागचा पडदा जवळजवळ काळा, त्यात तळाशी थोडी निळीची छटा; कलावंतांवर एका बाजूने येणारा मंद पिवळसर उजेड; बास. मध्यरात्र त्याने येत नाही, पण आठ वाजल्याचा विसर पडतो.

आणि सगळ्यात सोपी, एक पैसाही न लागणारी गोष्ट दिवाळी पहाटेची. आता गावोगावी दिवाळी पहाट होते. पुष्कळ ठिकाणी भावगीतं आणि नाट्यपदं असतात, तरी सुरुवात रागदारीने करणारे आयोजकही कमी नाहीत. साडेपाचला अंधार असतो. गायक ललत सुरू करतो, दोन मध्यम एकमेकांना खेटून लागतात, पंचम नाही, त्यामुळे पायाखाली जमीन नसल्यासारखं वाटतं. त्याच वेळी मंचामागे खरं आकाश राखी होत असतं, मग फिकट गुलाबी. झाडं आधी काळी असतात, हळूहळू त्यांना हिरवा रंग येतो. ललत संपून रामकली किंवा भैरव सुरू होईपर्यंत समोरच्या माणसाचा चेहरा दिसायला लागतो. याहून मोठी प्रकाशयोजना कुठल्याही डिझायनरला जमणार नाही. आणि आपण काय करतो? मंचावर आणि मंडपात हॅलोजन लावतो, ते कार्यक्रम संपेपर्यंत विझवत नाही, मागे फ्लेक्स आकाश झाकून उभा असतो. त्या दिवशी फ्लेक्स बाजूला लावा. मंचाचं तोंड असं ठेवा की पूर्व गायकाच्या मागे येईल. पहिल्या अर्ध्या तासात दिवे इतके सावकाश उतरवा की ते कधी गेले हे कोणाला कळू नये. नाटकात आम्ही काही सेकंदांचा फेड देतो, म्हणजे उजेड हळूहळू उतरवतो. इथे तो पंचवीस-तीस मिनिटांचा द्यावा लागेल, दिवे चालवायच्या आजकालच्या कुठल्याही साध्या कन्सोलवर तो देता येतो. पायऱ्या, वायरी, ज्येष्ठांची वाट इथले दिवे अर्थातच चालू राहतील.

काही गोष्टी निव्वळ कामाच्या आहेत, पण त्यांच्यामुळे गाण्याचं खरं नुकसान होतं. पार लाइट, म्हणजे डब्यासारखे जुने तापणारे दिवे, वादकांच्या डोक्यावर आणू नका. कोरड्या उष्णतेने तबल्याची पुडी ताणते आणि तबल्याचा सूर चढतो, तारा सैलावून तानपुऱ्यांचा सूर उतरतो. कलावंत मग दर दहा मिनिटांनी हातोडी आणि खुंट्यांमध्ये अडकतो आणि आपण त्याला लहरी म्हणतो. मूव्हिंग हेडचे, म्हणजे आपोआप फिरणाऱ्या दिव्यांचे, पंखे गुणगुणतात, तेही नेमके आलापीच्या शांततेत ऐकू येतात. चित्रीकरण करणारी मंडळी कॅमेऱ्यासाठी पांढराशुभ्र, सपाट उजेड मागतात आणि मंडपातल्या हजारो लोकांना तोच सोसावा लागतो. चांगले कॅमेरे कमी उजेडातही काम करतात. हे त्यांना आधी सांगा, ऐनवेळी नको. पडद्याची तीव्रता अगदी खाली आणा. कलावंताच्या चेहऱ्यापेक्षा पाठ जास्त उजळ असेल तर चेहरा काळवंडतो आणि डोळे दुखतात. प्रायोजकांची नावं जरूर दाखवा, त्यांच्यावाचून महोत्सव उभा राहत नाही. पण दोन कलावंतांच्या मधल्या वेळात, तानपुरे सुरात जुळवायला लागण्यापूर्वी.

'गाणं डोळे मिटून ऐकायचं असतं' असं तुमच्यातले काही जाणकार म्हणतील. त्यांच्याबद्दल मला पूर्ण आदर आहे आणि त्यांचा हक्क पहिला आहे. ज्याला डोळे मिटायचे आहेत त्याच्या पापण्यांवर उजेड आदळू नये, हीच कसोटी लावा. रंग बदलला तरी मिटल्या डोळ्यांना तो कळता कामा नये. एवढं पाळलं की जाणकाराचं काही हिरावलं जात नाही आणि नवख्याला हात मिळतो.

दुसरी हरकत मलाच घ्यायची आहे. चित्र दिसावं म्हणून श्रोत्यांवर पूर्ण अंधार करू नका. जर्मन संगीतकार वाग्नरने 1876 मध्ये बायरॉइटला प्रेक्षागृह अंधारात बुडवलं, वाद्यवृंद मंचाखाली दडवला, आणि तेव्हापासून पाश्चात्त्य रंगभूमीने अंधाराची सवय लावून घेतली. आमच्या नाटकांनीही ती घेतली. पण मैफल नाटक नव्हे. बैठकीत गाणारा आणि ऐकणारा एकाच उजेडात बसलेले असतात. गायकाने एखादी सुरेल जागा घेतली की समोरच्या म्हाताऱ्या गृहस्थांची मान हलते, ती गायकाला दिसते, आणि त्या हलण्यातून पुढची जागा सुचते. समोर नुसता काळोख असेल तर तो कोणाला गाऊन दाखवणार? पहिल्या आठ-दहा रांगांवर कायम मंद उजेड हवा. भावनिक जवळीक वाढवण्यासाठी आपण रंग आणतो आहोत. त्या रंगापायी दाद तुटली तर सगळाच खटाटोप फुकट.

तुमच्याकडून मला एवढंच हवं आहे. या हंगामात सगळा महोत्सव नको, एक सत्र द्या. शक्यतो सांजेचं, म्हणजे बाहेरचा उजेड आणि आतला उजेड यांचं नातं आपोआप दिसेल. त्या सत्रासाठी एक प्रकाशयोजनाकार आणि एक चित्रकार ठरवा, मंडपवाल्याच्या हाताखालचे नव्हेत, समितीने नेमलेले. जे. जे., पुण्याचं अभिनव, पणजीचं गोवा कला महाविद्यालय इथे जलरंगात आणि शाईत विलक्षण हात असलेली मुलं आहेत. त्यांना रागाचं चित्र काढायला सांगू नका. सांजेचं, पावसाचं, वाट पाहण्याचं काढायला सांगा आणि त्याआधी त्यांना आठवडाभर गाणं ऐकायला बसवा. पडद्यावर त्यांचं एकच चित्र पुरे, तेही हातभर अंतरावरून छायाचित्र घेतलेलं, कागदाचा पोत दिसेल असं. ते हलणार नाही. आलाप ते द्रुत या प्रवासात त्यावरचा उजेड तेवढा बदलेल, आणि तराण्याला तर कदाचित काहीच बदलावं लागणार नाही, कारण तिथे लय स्वतःच पुरेशी झगमगते.

कलावंताला विचारा. साउंड चेकला वेळ देता तसा अर्धा तास उजेडासाठी द्या. त्यांना मंचावर बसवून दाखवा, खाली येऊन समोरून पाहू द्या, आणि ते 'नको' म्हणाले तर पडदा बंद, यावर वाद नाही. पत्रिकेत तबला, संवादिनी, तानपुरा यांच्या खाली त्या दोघांची नावं आणि मानधन ठरलेलं असू द्या. सत्र संपल्यावर दारात उभं राहून श्रोत्यांना विचारा, विशेषतः पहिल्यांदा आलेल्यांना: काय ऐकलं? कमळ, ढग, वीज असं सांगायला लागले तर पुढच्या वर्षी पडदा काढून टाका. एखादा स्वर, एखादी ओळ त्यांनी गुणगुणून दाखवली तर दुसरं सत्र द्या.

पत्रिका साधारण दिवाळीच्या सुमारास छपाईला जातात. त्याआधी तुमच्या एखाद्या बैठकीत दहा मिनिटं मिळाली तर मी कन्सोल आणि दोन दिवे घेऊन येते, मारवा आणि सोहनीचं एक-एक ध्वनिमुद्रण लावून बोललेलं सगळं करून दाखवते. प्रवासखर्च नको.

आपली,
एक प्रकाशयोजनाकार आणि तुमच्या मंडपातली नेहमीची श्रोती